ठिणग्यांनी खाल्लेली काच

दादा पहिल्या रजेवर दुबईहून आला तेव्हा मी दहावीत होते. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि पाठोपाठ बाबाही गेले होते. त्यानंतर घरात पहिल्यांदाच एवढी मोठी बॅग उघडत होती. आईला साडी, मला सेंटची बाटली, गल्लीतल्या पोरांना गोळ्या. सगळ्यात शेवटी त्यानं स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं. डिजिटल होतं, आणि आकड्यांच्या वर अख्ख्या जगाचा एवढासा नकाशा. बटण दाबलं की नकाशावरची एक उभी पट्टी पुढं सरकायची, खाली शहराची तीन अक्षरं यायची आणि तिथं किती वाजले ते दिसायचं.

"ही बघ दुबई," दादा म्हणाला. "आणि ही दिल्ली. म्हंजे आपण."

"कोल्हापूर न्हाय व्हय त्यात?" आईनं विचारलं.

"दिल्लीत जेवढं वाजलं तेवढंच हितं वाजतं की, आई."

आईला ते फारसं पटलं नाही, पण दुबई दीड तास मागं आहे एवढं तिनं पक्कं धरलं. त्यानंतर जेवायला बसताना ती हमखास म्हणायची, "त्येला अजून दीड तास हाय जेवायला."

दादा तिथं एका कंपनीत स्टोअरकीपर होता. तसा फोटोच आमच्या बाहेरच्या खोलीत लावलेला होता. टेबल, टेबलावर फोन, मागं फाइलींचं कपाट आणि खुर्चीत दादा, पांढऱ्या शर्टात. पत्राऐवजी बोलणं भरून पाठवलेली त्याची पहिली कॅसेट आली तेव्हा आईनं शेजारच्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला होता. "मला स्टोअरमधी घेतलंय," असं त्यात दादाचा आवाज म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी आईनं गल्लीत पेढे वाटले.

ते नकाशाचं घड्याळ वर्षभरात बंद पडलं. महाद्वार रोडवरच्या दोन दुकानदारांनी हात लावला नाही. डिजिटल दुरुस्त होत नसतं, फेकून द्यायचं असतं, असं दोघंही म्हणाले. मी तेव्हा आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं. वर्गात आम्ही दोघीच मुली. घरी येऊन मी ते घड्याळ उघडलं. सेल फुटून आतलं पाणी पसरलं होतं, एक पत्र्याची स्प्रिंग गंजून तुटली होती. स्प्रिंग मी जुन्या रेडिओतल्या पत्र्याची कापून केली. सेलखाली ठेवायचा प्लॅस्टिकचा पातळ कागद विरघळून गेला होता, त्याच्या जागी आईच्या पायाच्या एक्स-रेतून नखाएवढा तुकडा कापून घातला. आई न्हाणीत घसरली होती तेव्हाचा तो एक्स-रे. तुकड्यात तिच्या अंगठ्याचं हाड अर्धवट दिसत होतं. झाकण लावलं, बटण दाबलं, आणि नकाशा परत उगवला.

त्या दिवसाचा आनंद मला अजून अंगात जाणवतो. पुढच्या रजेवर दादा आला तेव्हा मी ते घड्याळ त्यालाच परत दिलं. "मी दुरुस्त केलंय. तूच घाल," म्हटलं. त्यानं ते जातानाच हातात बांधलं.

तिथून मला नादच लागला. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तिथं जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, असं दादा सांगायचा. देशोदेशीची माणसं मायदेशी परतताना सामान विकून जातात. दर रजेला तो माझ्यासाठी तिथली बंद पडलेली घड्याळं रुमालात बांधून आणायचा. त्यातली जगाची वेळ दाखवणारी मी स्वतःकडे ठेवायची. कुणाचा नकाशा गोल, कुणाचा चपटा. एकात तर न्यूयॉर्क नि लंडन धरून मोजकी शहरं, आणि भारत नाहीच. मी ती सोडवायची, जुन्या टूथब्रशनं आतली घाण काढायची, स्पिरिटनं पुसायची, आकडे पुसट झाले असतील तर काचेवरची पातळ काळसर फिल्म बदलायची. एका घड्याळाचा जीव जायचा तेव्हा त्याचं आतडं दुसऱ्यात घालायची. जिवंत झालेली घड्याळं आईच्या बांगड्यांच्या पेटीत ओळीनं बसायची. मधूनमधून त्यांचे गजर कुठल्याही वेळी वाजायचे आणि आई वैतागायची.

पोटापाण्यासाठी मी घराच्या पुढच्या खोलीतच काउंटर टाकला. आमची गल्ली उद्यमनगराच्या पाठीमागची. त्यामुळं गिऱ्हाईक सगळं कारखान्यातलं. वाळूचे साचे भरणारे मोल्डिंगवाले, लेथवाले, ओतकामाच्या फाउंड्रीतले. हळूहळू घड्याळ बघून मला माणसाचं काम सांगता यायला लागलं. लेथवाल्याच्या घड्याळात तेल मुरलेलं असायचं, मोल्डिंगवाल्याच्या बटणाखाली काळी वाळू. आणि जो ग्रायंडरवर ओतकाम घासतो त्याची काच ठिणग्यांनी खाल्लेली असायची. लोखंडाची तापलेली कणी काचेवर उडते आणि तिथंच रुतून बसते. मग तिला गंज चढतो. काच देवीचे व्रण आल्यासारखी दिसते आणि कितीही घासली तरी निघत नाही. असली काच आली की मी न विचारता म्हणायची, "ग्रायंडरवर हाय न्हवं?" आणि माणूस चकित व्हायचा.

मधल्या काळात दादाचं लग्न झालं. वहिनी कागलची. तिचे वडील शाळेत शिक्षक. मुलगा परदेशात स्टोअरकीपर, टेबलावरचं काम, म्हणून त्यांनी स्थळ पसंत केलं. लग्नात बुद्धवंदना झाली, पंगत बसली, आणि वहिनीकडचे पाहुणे येऊन येऊन दादाला विचारत होते, "मग पावणं, दुबईत आत्ता किती वाजलं?" दादा सगळ्यांना मोठ्यानं वेळ सांगत होता. त्याचा आवाज आधीपासूनच मोठा, आणि अलीकडं तो जास्तच चढला होता. आम्ही त्यावरून हसायचो. दुबईला जाऊन आला तरी गड्याचा कोल्हापुरी आवाज काय गेला नाही!

दोन हजार दोन किंवा तीनचा मे महिना असेल. दादा रजेवर आला होता आणि दुपारी आपल्या लहान पोराला घेऊन चपला घ्यायला गेला होता. आई आत पडली होती. मी काउंटरवर त्यानं आणलेला रुमाल सोडून बसले होते आणि वहिनी शेजारी गवार मोडत होती. रुमालात पाच-सहा घड्याळं होती. त्यातलं एक हातात घेतलं आणि मी खूश झाले. दादाला दिलेल्या घड्याळाचीच जात! आता या जातीचं एक आपल्याकडंही राहणार, असं मनात आलं. मात्र अवस्था फार वाईट होती. पट्टा कधीच गेलेला, त्या जागी कापडी पट्टी तारेनं आवळून बांधलेली. प्लॅस्टिकच्या कडांवर तापल्या सुईनं पोळल्यासारखी भोकं. काच तर इतकी खाल्लेली की आतलं काही दिसत नव्हतं.

"वैनी, हे बघ," मी म्हटलं. "ह्याचा मालक ग्रायंडरवर होता. आपल्या फाउंड्रीवाल्यांच्या काचा ह्याच्यापुढं काहीच नाहीत. वर्षानुवर्षं रोज तेच करत असणार."

"तिकडं पण तसली कामं असत्यात व्हय?" वहिनी म्हणाली.

"असणारच की. आपली बिहारची, केरळची पोरं जातात ना."

"बिचाऱ्याच्या घरच्यास्नी म्हाईत तरी असंल का?" वहिनी म्हणाली आणि परत गवार मोडायला लागली.

मी झाकणाचे स्क्रू सोडवले. गंजले होते, तेल सोडून थोडा वेळ थांबावं लागलं. झाकण निघालं. कडेला राखाडी भुकटी दगडासारखी घट्ट बसली होती. चिमट्यानं सेल उचलला.

सेलच्या खाली आईच्या अंगठ्याचं हाड होतं.

मला आधी काही कळलंच नाही. मी डोळ्यावरचं भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. एक्स-रेचा नखाएवढा तुकडा, एका कोपऱ्यात माझी कात्री वाकडी गेलेली. बाजूला रेडिओच्या पत्र्याची स्प्रिंग.   चिमटा हातातून पडला.

"काय झालं?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही. स्प्रिंग उडाली," मी म्हटलं आणि खाली वाकून नसलेली स्प्रिंग शोधत बसले.

वाकलेली असतानाच मी मनाला समजावत होते. दादानं ते कुणाला तरी दिलं असणार. नाहीतर चोरीला गेलं असेल, फिरत फिरत बाजारात आलं असेल. हा विचार मला इतका आवडला की मी त्याला घट्ट धरून बसले. दादा आला आणि पोराला नव्या चपला घालून आम्हाला दाखवायला लागला. मी अगदी सहज विचारलं, "दादा, मी दिलेलं ते नकाशाचं घड्याळ कुठाय रे?"

"हाय की रूमवर," तो म्हणाला. "जपून ठेवलंय. कपाटात."

मला वाटतं, सगळ्यात मोठा धक्का हाच. तो इतक्या सहज खोटं बोलला. डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही. किती वर्षांच्या सवयीनं असं बोलता येत असेल, हे त्या क्षणी मला उमगलं.

मी त्याला गच्चीवर बोलावलं. वहिनीनं तिथं सांडगे वाळत घातले होते. ऊन रणरणत होतं आणि दादानं नेहमीसारखा फुलबाह्यांचा शर्ट घातला होता. मी तळहातावर उघडं घड्याळ धरलं, एक्स-रेचा तुकडा वर.

त्यानं बघितलं.  मग म्हणाला, "रुमालात गेलं व्हय चुकून."

"दादा, तू स्टोअरमध्ये नाहीस?"

"काय?" त्यानं डावा कान माझ्याकडं केला. आणि आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख झाली. फोनसुद्धा तो नेहमी डाव्याच कानाला धरायचा. टीव्ही गल्लीला ऐकू जाईल एवढा मोठा लावायचा.

मी तेच पुन्हा मोठ्यानं विचारलं.

"स्टोअर हाय की," तो म्हणाला. "रोज सकाळी ग्रायंडरची डिस्क घ्यायला तितंच जातो."

मग तो सिंटेक्सच्या टाकीला टेकून खाली बसला आणि सांगायला लागला. मुंबईच्या एजंटानं स्टोअरकीपर म्हणून नेलं होतं. तिथं उतरल्यावर कंपनीनं पासपोर्ट काढून घेतला आणि तिसऱ्या दिवशी हातात ग्रायंडर दिला. लोखंडी सांगाड्यांचे जोड घासायचे. परत यायचं म्हटलं तर एजंटाचे पैसे अंगावर. फोटोतली खुर्ची केरळच्या एका गड्याची, खऱ्या स्टोअरकीपरची. एका शुक्रवारी त्यानं याला त्यात बसवून फोटो काढून दिला होता.

"अरे, पण ग्रायंडरच मारायचा होता तर हे इथं उद्यमनगर आहे की! घरातून डबा घेऊन गेला असतास." माझा आवाज फाटला होता. "पहिल्याच रजेला का नाही सांगितलंस?"

"आईनं पेढं वाटलं हुतं," तो म्हणाला. "गल्लीभर. काय सांगू? आणि मग तुझं आयटीआय निघालं, मग घराचा स्लॅब, मग लगीन ठरलं. दर बारीला वाटायचं, पुढच्या खेपंला सांगू."

"बाही वर कर."

त्यानं केली नाही. मीच धरून वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक काळे-पांढरे डाग होते. काचेवर होते तसेच.

"मला स्टोव्हचा भडका म्हणून सांगितलंसा," मागून आवाज आला.

वहिनी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. सांडगे काढायला सूप घेऊन आली होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. 

"रूमवर सैपाक करताना उडालं म्हणून सांगितलंसा," ती पुन्हा म्हणाली. "मी दर पत्रात लिवतीय. भाजी परतताना जरा लांब उभं ऱ्हावा. दर पत्रात लिवतीय मी!"

दादा बाही खाली ओढून बटण लावायला लागला. वहिनीनं सूप तिथंच ठेवलं आणि ती माझ्याजवळ आली. "मला दाव ते," म्हणाली. मी गळ्यात अडकवलेलं भिंग तिच्या डोळ्याला लावून दिलं. उन्हात धरून ती ती काच कितीतरी वेळ बघत होती. एकेक रुतलेली कणी भिंगातून हरभऱ्याएवढी दिसते, गंजाची तांबूस कड असलेली. मग तिनं भिंग काढलं आणि दादाला एकच विचारलं, "डोळ्यास्नी काय लावता का न्हाय?"

"गॉगल असतो," दादा म्हणाला.

"खरं सांगा."

"असतो, खरंच असतो."

ती खाली निघून गेली. तिला आवाज न करता रडायची सवय होती. पण त्या दिवशी ती रडली नाही. ती नुसती भिंतीकडं बघत बसली. सासरी-माहेरी मिरवलेलं सगळं एका दुपारी तिच्या हातातून गेलं होतं, आणि रागवावं कुणावर हेच तिला कळत नव्हतं.

आईला सांगायचं नाही असं आम्ही तिघांनी ठरवलं, पण आमच्या तोंडांवरूनच तिला कळलं की काहीतरी झालंय. संध्याकाळी चहा ठेवताना तिनं सरळ विचारलं आणि दादानं सरळ सांगून टाकलं. आई चहाच्या पातेल्याकडं बघत राहिली. चहा उतू गेला तरी तिनं गॅस बंद केला नाही, मीच पुढं होऊन केला. मला वाटलं आता ती बोलेल, ओरडेल. पेढ्यांचं काहीतरी म्हणेल. तिनं वेगळंच विचारलं.

"काम उन्हात असायचं का रं, का सावलीत?"

"सावलीत, आई," दादा म्हणाला. "मोठं शेड हाय. पंखं लावल्यात."

आईनं मान हलवली. "मग बरं," म्हणाली.

मी त्या घड्याळाची काच दुपारीच काढून बघितली होती. आकड्यांवरची फिल्म होरपळून जांभळी-तपकिरी झाली होती. नकाशा तर पुरता करपून गेला होता. सावलीत वापरलेल्या घड्याळाची फिल्म अशी होत नाही. भर उन्हात, तापल्या लोखंडाजवळ वर्षं काढावी लागतात. दादानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी कपबशा विसळायला घेतल्या.

रजा संपल्यावर तो परत गेला. कंपनीकडं कराराचं आणि हिशोबाचं राहिलं होतं, अर्धवट सोडून येता येत नव्हतं. वहिनी स्टँडवर आली, पण बोलली नाही. बस सुटताना मात्र तिनं खिडकीतून त्याच्या हातात एक पिशवी दिली. आत तिनं स्वतः शिवलेल्या जाड कापडाच्या सुट्या बाह्या होत्या, मनगटापासून कोपरापर्यंत घालायच्या. दुहेरी कापड, वरून सुतळीची शिवण.

त्यानंतर मला घड्याळांच्या पेटीकडं नीट बघवेना. ती सगळी घड्याळं मी कौतुकानं धुतली होती. कुणाच्या बटणाखाली पांढरं सिमेंट होतं, कुणाच्या पट्ट्याच्या भोकात रंगाचे शिंतोडे, कुणाच्या झाकणावर मिठाचा जाड थर. घामाचं मीठ. मी टूथब्रशनं खसाखसा घासून ते मोरीत सोडलं होतं आणि घड्याळ नव्यासारखं झालं म्हणून नाचले होते. ही घाण कुणाची, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला एकदाही पडला नव्हता. काउंटरवर ठिणग्यांची काच घेऊन कुणी आलं की मी आता ओळखून दाखवणं बंद केलं. त्याऐवजी विचारायची, "गॉगल लावता का?" काही हसायचे. एकजण म्हणाला, "बाई, तुमी घड्याळवाल्या हाय का डोळ्याच्या डाक्टर?"

दीडेक वर्षानं दादा कायमचा परत आला. डॉक्टरांनी उजवा कान तपासला आणि काही उरलं नाही असं सांगितलं. वहिनीच्या वडिलांनी त्याला एका शब्दानं विचारलं नाही. कागलला आपल्या मळ्यात त्याला गोठ्यापुरती जागा दिली. त्यानं दोन म्हशी घेतल्या, पुढं त्यांच्या पाच झाल्या. वहिनी पहिले कितीतरी महिने त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. नंतर त्या दोघांची भांडणं व्हायला लागली, मोठमोठ्यानं, गोठ्यात, आणि आई म्हणाली, "आता काळजी न्हाय."

मी घड्याळं जमवणं सोडलं नाही. मला ते जमलंच नसतं. पुण्याचे, बंगळूरचे लोक फोन करून, जुनं डिजिटल घड्याळ दुरुस्त होईल का, असं विचारायला लागले होते.

एकदा दादा कागलहून घरी आलेला असताना फोन वाजला. मी घेतला. मोडक्या हिंदीत कुणीतरी दादाचं नाव घेऊन विचारत होतं. केरळचा तो स्टोअरकीपर होता. आता तोही गावी परतला होता. दादाला फोनवर धड ऐकू येत नव्हतं, म्हणून तो शेजारी उभा राहिला आणि मीच दोघांचं बोलणं एकमेकांना सांगत होते. बोलता बोलता त्या केरळच्या गड्यानं मलाच विचारलं, "आप वो बहन है क्या? घडीवाला?"

"हां," मी म्हटलं.

"बहुत बोलता था आपके बारे में. सबको बोलता था, मेरा बहन का घडी का फैक्टरी है कोल्हापुर में. बडा फैक्टरी. सौ आदमी काम करता है."

मी दादाकडं बघितलं. तो डावा कान पुढं करून विचारत होता, "काय म्हणतोय? काय म्हणतोय गं?"

"अभी कैसा चल रहा है फैक्टरी?" पलीकडून विचारलं.

माझ्यासमोर काउंटरवर एक घड्याळ उघडं पडलं होतं, चिमटा होता, वाटीत स्पिरिट होतं.  

"अच्छा चल रहा है," मी म्हटलं. "बहुत अच्छा चल रहा है."